मुलींची हॉकी : वर्षभर सराव आणि हंगाम एका सामन्याचा?

सायली_निगडी · ८ सप्टेंबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

लेक नववीत. सहावीपासून शाळेच्या हॉकी टीममध्ये आहे आणि गेली दोन वर्षं गोली (गोलकीपर). गोली कशी झाली, तर आधीची गोली दहावी होऊन गेली, सरांनी सगळ्यांना रांगेत उभं करून पॅड बांधून बघितले, हिला बरोबर बसले. झाली निवड! आठवड्यातले पाच दिवस पहाटे साडेपाचला घर सोडायचं, सहा ते साडेसात सराव, तिथूनच शाळा. परीक्षेचा आठवडा सोडला तर खाडा नाही.

काल जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा होती, सतरा वर्षांखालील मुली. बाद पद्धत. समोरच्या टीममधल्या निम्म्या मुली रोज टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, खेळणाऱ्या. आमच्या मुरमावर वाढलेल्या. टर्फवर चेंडू एवढा पळतो हे कळेपर्यंत तीन गोल झाले होते. शेवटी ०-७. चाळीस मिनिटांत आमचं वर्ष संपलं.

परत येताना रिक्षात ती रडली वगैरे नाही. किटची बॅग मागे मावत नाही म्हणून मांडीवर घेतली होती, तिच्याआडून एकदाच म्हणाली, “म्हणजे आता पुढची मॅच पुढच्या सप्टेंबरला?”

हरण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दहा महिने सराव करून एकच सामना, ही काय पद्धत आहे? ज्यांची मुलं-मुली खेळतात किंवा जे स्वतः खेळलेत त्यांनी सांगा, तुमच्याकडे असंच आहे का? आणि आम्ही पालक काही करू शकतो का? (शाळेचं नाव विचारू नये, देणार नाही.)

फुकटचा_सल्ला · ८ सप्टेंबर, रात्री ११:०५

क्रिकेटला घाला. तिथे हरायलासुद्धा पाच दिवस मिळतात.

(हलके घ्या. लेकीला शाबासकी सांगा.)

खडकीवाला · ९ सप्टेंबर, सकाळी ६:१५

०-७ चं एवढं मनावर घेऊ नका. टर्फवर पहिल्यांदा उतरलेल्या टीमचं असंच होतं, आमचंही झालं होतं. मुरमावर चेंडू उडतो, म्हणून आपण स्टिक थोडी वर ठेवून अडवायला शिकलेलो असतो. टर्फवर तोच चेंडू जमिनीला चिकटून स्टिकखालून जातो.

बाकी बाद पद्धतीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आम्हीही तेच खेळलो. एक चूक केली की घरी, त्यामुळे चुका करायची भीती बसते आणि खेळाडू घडतो. धनराज पिल्ले आमच्याच खडकीचा. मोडक्या स्टिका दोरीने बांधून खेळत वर गेला आणि चार ऑलिंपिक खेळला. त्याला कुणी लीग काढून दिली नव्हती.

धुकं · ९ सप्टेंबर, सकाळी ९:४०

खडकीवाला, तुम्हाला एक विचारू? तुम्ही शाळेकडून वर्षाला एक सामना खेळायचात, मान्य. पण संध्याकाळी काय करायचात?

खडकीवाला · ९ सप्टेंबर, सकाळी १०:०२

संध्याकाळी? रोज मॅच. फॅक्टरीच्या क्वार्टर्समधल्या दोन लाइनींची. अंधार पडून चेंडू दिसेनासा होईपर्यंत. हरणाऱ्याने वडापाव द्यायचा.

धुकं · ९ सप्टेंबर, सकाळी १०:३०

मग तीच तुमची लीग. वर्षाला दीड-दोनशे मॅच झाल्या तुमच्या. त्या मॅचमध्ये लाइनीतल्या किती मुली असायच्या?

मी मुंबईची. ऐंशीच्या दशकात आधी शाळेकडून आणि मग कॉलेजकडून खेळले, राइट हाफ. आमच्या चाळीत मुलगे गच्चीवर, जिन्यात, रस्त्यावर काहीबाही खेळत असायचे. मला एकदाही कोणी ‘ये’ म्हटलं नाही. माझ्यासाठी हॉकी म्हणजे शाळेने लावलेला सामना, तेवढीच. पहिल्या फेरीत हरलो की स्टिक कपाटावर. त्यामुळे सायली म्हणते ते मुलींच्या बाबतीत जास्त लागू आहे. मुलांना गल्ली आहे, मुलींना फक्त वेळापत्रक.

मेथांबा · ९ सप्टेंबर, सकाळी १०:४४

धुकं, दंडवत घ्या _/\_

पीटीचा_तास · ९ सप्टेंबर, दुपारी २:२०

मी क्रीडाशिक्षक. जिल्हा सांगत नाही. दुसरी बाजू मांडतो, चपला मारू नका.

तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी ही शिडी. राज्यात आठ विभाग. पावसाळा संपत आला की अडीच-तीन महिन्यांत कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत डझनावारी खेळ, प्रत्येकाचे वयोगट, त्यात मुलगे-मुली वेगळे, हे सगळं उरकायचं असतं. मैदान दोन दिवस मिळतं, पंच तेवढेच. साखळी सामने लावायला वेळ कुठून आणायचा? म्हणून बाद पद्धत. ती वरच्या पातळीवर टीम पाठवण्यासाठी आहे, मुलांना खेळायला मिळावं म्हणून नाही. हा फरक पालकांना कुणी सांगत नाही.

हॉकीत तर मुलींच्या टीमच मोजक्या. एके वर्षी आमच्याकडे दोनच नोंदल्या गेल्या. दुसरी आलीच नाही, आम्हाला पुढे चाल. वरच्या फेरीतही पुढे चाल. चेंडूला स्टिक न लावता विभागाला पोचलो, पोरींनी शाळेत पेढे वाटले. विभागात पहिल्या सामन्यात ०-११. हेडसरांनी विचारलं, “जिल्ह्यात एवढं चांगलं खेळल्या, मग इथे काय झालं?” काय सांगणार, कप्पाळ.

तांबडा_पांढरा · ९ सप्टेंबर, दुपारी ३:१०

पेढं परत घ्यायचं हुतं की मास्तर 😄

ताई, गोली म्हंजे बाजीप्रभू बघा. सगळी फौज फुडं पळालेली आन हा गडी एकटा खिंडीत. फरक इतकाच की हितं तोफांचा आवाज यायची वाट बघायची न्हाई, शिट्टीची. आमच्या कोल्लापुरात फुटबॉलचं वेड, हॉकीवाले मोजके. पण मेजर ध्यानचंद स्टेडियमवर टर्फ झाल्यापासून पोरी दिसाय लागल्यात मैदानात. पैल्यांदा बघून आमच्या आबांनी विचारलं, “ह्या वाकून काय हुडकत्यात?”

जर्सीची_काकू · ९ सप्टेंबर, रात्री ८:५५

इथे न्यू जर्सीत उलटाच प्रकार. हॉकी म्हटलं की लोकांना बर्फावरची वाटते. आपल्या हॉकीला ‘फील्ड’ लावावं लागतं आणि ती मुलींचीच समजली जाते. १९०१ मध्ये कॉन्स्टन्स अ‍ॅपलबी नावाच्या इंग्लिश बाईंनी ती मुलींच्या कॉलेजांत आणली, तेव्हापासून तीच घडी. आमचे हे धनराजच्या गोष्टी सांगायला लागले की मुलीच्या मैत्रिणी विचारतात, “तुमच्याकडे मुलगेपण खेळतात?”

सायली, तुझ्या प्रश्नाबद्दल. माझी धाकटी हायस्कूलला होती तेव्हा सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत तिच्या पंधरा-सोळा मॅच व्हायच्या. महत्त्वाचं म्हणजे शाळेच्या दोन टीम. वरच्या टीममध्ये जी बसत नाही ती खालच्या टीमकडून खेळते. त्याच दिवशी, त्याच शाळेशी, फक्त दुसऱ्या वेळी. माझी लेक दोन वर्षं खालच्याच टीममध्ये होती. एका हंगामात चौदा मॅच हरल्या. चौदा! पण प्रत्येक वेळी तीनच दिवसांनी पुढची असायची, त्यामुळे रडायला वेळ नव्हता. बसमध्ये पिझ्झा आणि गाणी.

अवांतर : सासूबाई आल्या होत्या तेव्हा एक मॅच पाहायला नेलं. आखूड स्कर्ट बघून म्हणाल्या, “थंडी नाही का वाजत पोरींना?” अर्ध्या तासाने स्वतःच ओरडत होत्या, “अगं मार की!”

ट्युलिपवाला · १० सप्टेंबर, रात्री १:३०

अ‍ॅम्स्टलवेनहून लिहितोय. मुलगी अकराची, क्लबकडून खेळते. इथे हॉकी शाळेची नसते, क्लबची असते. शनिवार म्हणजे मॅच, हे घड्याळासारखं. शरद ऋतूत एक सत्र, हिवाळ्यात हॉलमध्ये, मग वसंतात दुसरं.

मला सगळ्यात जास्त पटलं ते सुरुवातीचं गणित. मोसमाच्या सुरुवातीला थोडे सामने केवळ अंदाज घेण्यासाठी होतात. त्यात कोण किती पाण्यात आहे ते कळलं की टीमना वेगवेगळ्या वर्गांत टाकतात आणि खरी स्पर्धा मग सुरू होते. ०-११ होतच नाही असं नाही, पण एकदा झालं की तुम्हाला खालच्या वर्गात नेतात. तिथे तुम्ही २-१ ने हरता, ३-२ ने जिंकता. लहान वयात टीमही लहान असते, आधी तीन-तीन, मग सहा-सहा, मग आठ-आठ, अकरा सगळ्यात शेवटी. म्हणजे प्रत्येक मुलीच्या स्टिकला चेंडू लागतो.

आता याची किंमत. पंच पालकांनी व्हायचं. मला परीक्षा देऊन कार्ड घ्यावं लागलं. क्लबच्या बारमध्ये आळीपाळीने बिअर आणि तळलेले गोळे विकायचे. माझ्या पहिल्या मॅचमध्ये पायाला लागलेला चेंडू (हॉकीत तो फाउल) मला दिसला नाही. दहा वर्षांची एक सोनेरी केसांची चिमुरडी कंबरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. डच मला तेव्हा येत नव्हतं, पण अपमान कळला.

खडकीवाला · १० सप्टेंबर, सकाळी ६:२०

धुकं, रात्रभर तुमचा प्रश्न डोक्यात होता. एक मुलगी होती. आमच्या लाइनीतल्या पेंटरची बहीण. चेंडू नाल्यात गेला की काढून द्यायची. खेळायला घेतली नाही कधी. तुमचा मुद्दा मान्य.

धुकं · १० सप्टेंबर, सकाळी ११:१५

खडकीवाला, एवढं मोकळेपणी मान्य करणारा माणूस इथे पहिल्यांदा पाहिला. स्क्रीनशॉट काढून ठेवते :)

आणि तुमच्या पुण्यातच एलायझा नेल्सन जन्मल्या, हे खडकीच्या मंडळींना फारसं आठवत नाही. १९८० साली मॉस्कोला बायकांची हॉकी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली. सहा संघ, आपण चौथ्या. १९८२ च्या दिल्ली एशियाडला एलायझा कर्णधार होत्या आणि कोरियाला ६-० हरवून सुवर्ण. शेजारच्यांकडे टीव्ही होता, बारा-तेरा जणं दाटीवाटीने बसून पाहिलं. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या चार मुली पीटीच्या बाईंकडे स्टिक मागायला गेल्या, त्यात मी. स्टिका तीनच निघाल्या.

फलटणकरीण · १० सप्टेंबर, दुपारी १२:५०

वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे यांची नावं कुणीच कशी घेतली नाहीत? दोघी आमच्या फलटण तालुक्यातल्या, आसू आणि वाखरीच्या. ऋतुजा पिसाळही सातारा जिल्ह्यातलीच. २०२३ मध्ये जपानला ज्युनियर आशिया चषक आपल्या मुलींनी पहिल्यांदा जिंकला, कोरियाला २-१ हरवून. त्या संघात वैष्णवी आणि ऋतुजा होत्या. उसाच्या फडातून येऊन जमतं, तर निगडीतून का नाही?

सायली_निगडी · १० सप्टेंबर, रात्री १०:१०

फलटणकरीण, माझ्या लेकीला भारताकडून खेळायचंय असं मी कुठेच म्हटलेलं नाही हो. तिला पुढच्या रविवारी खेळायचंय. एवढंच.

मेथांबा · १० सप्टेंबर, रात्री १०:१२

+१. चौकटीत लावण्यासारखं वाक्य.

म्हापशेकार · ११ सप्टेंबर, सकाळी ८:००

आमच्या म्हापशात पेडेला छान टर्फ आहे. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतली हॉकी तिथेच झाली. पण संध्याकाळी फुटबॉल सुटला तर पोरगी हॉकीला येणार! टर्फ आहे, पोरं नाहीत. तुमच्याकडे पोरी आहेत, टर्फ नाही. बदली करूया का?

पीटीचा_तास · ११ सप्टेंबर, दुपारी १:४५

सायलीताई, एक सुचवू का? शालेय स्पर्धा सरकारच्या, पण मैत्रीपूर्ण सामने खेळायला कुणाची ना नाही. मुख्याध्यापकांचं पत्र, प्रत्येक मुलीच्या पालकांची सही, एक महिला शिक्षिका बरोबर, प्रथमोपचार पेटी. एवढं करा आणि चार शाळा गाठा. टर्फच्या मागे लागू नका, बुकिंगमध्येच दिवाळी येईल. मुरमावर खेळा. पंच म्हणून कॉलेजच्या मुली बोलवा, जाण्यायेण्याचे पैसे आणि नाश्ता द्या. एक गोष्ट मात्र आधी बघा, मैदानावर मुलींना बाथरूम आहे का. नसेल तर मैदान बदला. आमच्या कितीतरी मुली पाणी न पिता खेळतात, कारण हेच.

सायली_निगडी · २६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

धागा वर काढतेय. बातमी आहे.

सरांना पीटीचा_तास यांचा प्रतिसाद जसाच्या तसा वाचून दाखवला. ते आधी गप्प बसले, मग तीन फोन केले. चार शाळा जमल्या. प्रत्येकीशी दोनदा, म्हणजे प्रत्येक टीमला सहा सामने! दिवाळीनंतर रविवारी सकाळी सात वाजता. मैदान मुरमाचं, बाथरूम आहे, कडीही लागते (स्वतः तपासली). गंमत म्हणजे ०-७ वाल्या टीमनेही हो म्हटलंय. त्यांचीही पुढच्या फेरीत गच्छंती झाली होती, त्यांचाही हंगाम दोनच सामन्यांचा.

पैसे म्हणाल तर पालकांनी प्रत्येकी दोनशे काढले. केळी आणि लिंबू-सरबत आळीपाळीने.

फुकटचा_सल्ला · २६ ऑक्टोबर, रात्री ९:४१

तळलेले गोळे? बिअर?

ट्युलिपवाला · २६ ऑक्टोबर, रात्री ११:५०

ते फक्त पंचाचा अपमान झाल्यावर.

सायली_निगडी · १६ नोव्हेंबर, दुपारी १:२०

पहिला सामना ०-५. आज दुसरा, १-२. आमचा पहिला गोल! म्हणजे मी पाहिलेला पहिला. गोलातल्या लाकडी फळीवर चेंडू आपटला तो ‘ठक्क’ आवाज आला आणि आमच्या मुलींना काय करायचं तेच कळेना, दोन क्षण सगळ्या एकमेकींकडे बघत उभ्या.

जाणकारांना प्रश्न : पेनल्टी कॉर्नरवर (बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल समोरच्यांना गोलजवळ मिळते ती संधी) आमचे सात गोलांपैकी पाच जातात. काय करायचं? आणि दुसरा प्रश्न, किटच्या वासाचं काय करायचं? ग्लोव्हज बाल्कनीत ठेवले तर वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅस गळतोय का म्हणून विचारलं.

खडकीवाला · १६ नोव्हेंबर, दुपारी ३:००

शॉर्ट कॉर्नरला (आम्ही शॉर्टच म्हणतो) गोलीसकट पाचच जणी गोललाइनीवर असतात, बाकीच्यांना मध्यरेषेपलीकडे जावं लागतं. तुमच्या चौघीही चेंडूकडे सुसाट पळत असणार, पैजेवर सांगतो. एकीनेच पळायचं, आणि तेही गोलीच्या डोळ्यांसमोरून नाही, बाजूने. गोलीला चेंडू दिसला तर ती अडवेल, मैत्रिणीची पाठ दिसली तर काय अडवणार? दुसरी तिच्या मागे थोडी तिरकी, उरलेल्या दोघी खांबाजवळ. आणि चेंडू सरळ मारला असेल तर पहिला फटका गोलात फळीच्या उंचीच्या वर गेल्यास गोल धरत नाहीत. फ्लिक (स्टिकने ओढून उचललेला चेंडू) असेल तर मात्र कुठेही. म्हणून समोरची वाकून ओढायला लागली की गोलीने उभं राहायचं, हिट मारायला हात वर गेला की आडवं.

धुकं · १६ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

आणि तिला ओरडायला शिकवा. सगळं मैदान समोर दिसणारी ती एकटीच असते. ‘डावीकडे’, ‘मागे ये’, ‘तुझी’, नाव घेऊन ओरडायचं. गप्प गोली म्हणजे बंद पडलेला सिग्नल.

जर्सीची_काकू · १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

वास : पांढरं व्हिनेगर पाण्यात घालून फवारायचं, मग सावलीत वारा. उन्हात नको, फोम कडक होऊन तडकतो. बॅगेत चेन लावून ठेवायचं नाही. आमच्याकडे हे एकदा विसरलं आणि तीन दिवसांनी गाडी विकायचा विचार केला होता.

सायली_निगडी · ७ डिसेंबर, दुपारी २:०५

आजचं जरा सविस्तर लिहिते, कारण मला अजून ठरवता येत नाहीये.

समोरची टीम नऊच मुलींची आली. दोघींची कसलीशी परीक्षा होती. त्यांच्या मॅडम म्हणाल्या, आम्ही नऊ जणी खेळतो. तर आमच्या कॅप्टनने सरांना न विचारताच आपल्या दोघींना बाहेर काढलं, नऊ विरुद्ध नऊ. सगळ्या पालकांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. सामना ०-० सुटला, लेकीने चार तरी चेंडू अडवले.

संध्याकाळी बाहेर बसवलेल्या एका मुलीच्या आईचा फोन. त्या देहूरोडहून येतात, दोन बस बदलून. म्हणाल्या, “टाळ्या तुम्ही वाजवल्यात, माझी मुलगी सव्वा तास पाण्याच्या बाटल्या धरून बसली.” खरंच आहे. ज्यांना सामने मिळत नाहीत म्हणून हे काढलं, त्यातल्याच दोघींना आम्ही कठड्यावर बसवलं. आणि काढलं ते कुणाला, तर ज्यांना सगळ्यात कमी येतं त्यांना.

खडकीवाला · ७ डिसेंबर, दुपारी ३:३०

अकरा असतील तर अकरा उतरवायच्या. समोरच्यांनी नऊ आणल्या हा त्यांचा प्रश्न. दया दाखवून खेळलेली मॅच मॅच नसते. माझं मत आहे, पटलं नाही तर सोडा.

पीटीचा_तास · ७ डिसेंबर, दुपारी ४:००

असहमत. कॅप्टनने केलं ते चौदाव्या वर्षी मला सुचलं नसतं. पण त्या आईही बरोबर आहेत.

धुकं · ७ डिसेंबर, संध्याकाळी ५:१०

अहो, पण हॉकीत बदली खेळाडूंवर मर्यादा आहे कुठे? फुटबॉलसारखं नाही ते. कितीही वेळा, खेळ न थांबवता, एक बाहेर एक आत. (पेनल्टी कॉर्नर दिला की तेवढं थांबायचं.) नऊच खेळवायच्या तर नऊ खेळवा, पण दर पाच मिनिटांनी दोघी बदला. अकराही जणी दमतील, कुणी बाटल्या धरणार नाही. सरांना हे सुचायला हवं होतं, कॅप्टनला दोष नको.

तांबडा_पांढरा · ७ डिसेंबर, संध्याकाळी ५:२५

आन बाटल्या पालकांनी धरायच्या. टाळ्या वाजवायला हात रिकामं ऱ्हात न्हाईत मग 😄

सायली_निगडी · ७ डिसेंबर, रात्री १०:००

धुकं, हे इतकं सोपं होतं! सरांना पाठवलं. त्यांचा अंगठा आला.

ट्युलिपवाला · २२ डिसेंबर, रात्री २:१०

सायली, निकाल? इथे बाहेर सगळं गोठलंय, हॉलमध्ये खेळ चालू आहे. तुमच्या धाग्यावरच ऊन दिसतं.

सायली_निगडी · ४ जानेवारी, दुपारी १:४५

सॉरी, घटक चाचणी आणि लग्नसराई यात राहून गेलं. चौथा सामना ०-३. पाचवा २-१, जिंकलो! दुसरा गोल देहूरोडच्या मुलीचा. चेंडू तिच्या स्टिकला लागून गेला की स्टिक चेंडूला, याबद्दल दोन मतं आहेत, पण गोल तिच्याच नावावर लागला. तिच्या आईने पुढच्या वेळी सगळ्यांसाठी साबुदाणा वडे आणायचं कबूल केलंय.

आज शेवटचा, त्याच ०-७ वाल्या टीमशी. ०-२.

सुरुवातीलाच त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. त्यांची उंच मुलगी, सात नंबर, सप्टेंबरमध्ये तिनेच चार मारले होते. आमच्याकडून एकटीच पळाली आणि बाजूने पळाली (खडकीवाला, नोंद घ्या). सात नंबरने वाकून चेंडू ओढला. लेक उभी राहिली. चेंडू डाव्या किकरला (गोलीच्या बुटावर बांधायचं फोमचं कवच) लागून बाहेर गेला, आणि इतक्या जोरात लागला की किकरचा बक्कल तुटून पाय अर्धा उघडा. पंचांनी खेळ थांबवला. मी सेफ्टी पिन घेऊन धावले, तर ती हेल्मेटमधून ओरडली, “आई, मागे! रेषेच्या मागे!” घरात पाणी मागतानाही जिचा आवाज ऐकू येत नाही ती ही. सरांनी बुटाच्या नाडीने बांधून दिलं. उरलेली मॅच तशीच खेळली.

त्यानंतर दोन गोल झालेच. दोन्ही मैदानी, दोन्ही वेळा आमची फुलबॅक (मागे राहून बचाव करणारी) खूप पुढे गेली होती.

मॅच संपल्यावर दोन्ही टीमच्या मुली बराच वेळ एकत्र केळी खात बसल्या. सात नंबरने आमच्या मुलींना ओढून मारायचं दाखवलं. चार शाळांचे सर मिळून जूनमध्ये पुन्हा लावायचं म्हणतायत, पाचवी शाळाही विचारतेय. जिल्हा स्पर्धा आहे तशीच राहणार, त्यात आपल्या हातात काही नाही.

लेक पुढच्या वर्षी दहावीत. घरात त्यावरून जे व्हायचं ते सुरू झालंय. तो वेगळा धागा.

फुकटचा_सल्ला · ४ जानेवारी, दुपारी १:५२

तो धागा काढाच. पॉपकॉर्न तयार आहे.

खडकीवाला · ४ जानेवारी, दुपारी २:३०

नोंद घेतली. फुलबॅकला सांगा, चेंडू मध्यरेषेपलीकडे गेला तरी एकीने मागे राहायचं. जूनमध्ये मला कळवा, शिट्टी माझ्याकडे आहे. गुडघे साथ देतील तेवढं धावेन.

धुकं · ४ जानेवारी, दुपारी २:४१

अपमानाची तयारी ठेवून या :)

सायली_निगडी · ४ जानेवारी, दुपारी ३:०५

या की! साबुदाणा वडे नक्की.

एक कामाचं राहिलं. किकरची जोडी हवी आहे, फक्त किकर, पॅड ठीक आहेत. नवीन घ्यायला हरकत नाही, पण दुकानात पूर्ण सेटच देतात. कुणाकडे जुनी पण बक्कल शाबूत असलेली जोडी आहे का? पायाचा नंबर पाच.

म्हापशेकार · ४ जानेवारी, संध्याकाळी ६:२०

आमच्या भाचीची आहे. दोन वर्षं माळ्यावर पडून, ती फुटबॉलला गेली ना! डाव्या पायाचा फोम एका कोपऱ्यात उंदराने थोडा खाल्लाय, बाकी मजबूत. पैसे नकोत. पुण्याला येणाऱ्या बसमध्ये ठेवतो, कुठे उतरवू ते सांगा. व्यनि (खाजगी निरोप) केला आहे.